सुईणीच्या घामाचा भाव



मागे एका गावात बैठक होती. विषय नेहमीचेच. कापसाचा भाव, काट्यातली मारामारी, पीकविम्याचे न आलेले पैसे. बैठक उठता उठता मागे बसलेला एक शेतकरी उभा राहिला. म्हणाला, "ताई, पोरगी बारावी झाली. नर्स व्हायचं म्हणते. बाळंतपणं करीन म्हणते. घरचे म्हणतात, आपल्या घरची पोरगी सुईण होनार काय? काय करू मंग?"

बैठक हसली. दोघेतिघे म्हणाले, हा काय बैठकीचा विषय आहे? कापसाचं बोला.

मला वाटते, हा बैठकीचाच विषय आहे. हसणाऱ्यांपैकी एकही जण असा नव्हता की जो कुणा सुईणीच्या हातात पडल्याशिवाय या जगात आला. त्या दिवशी वेळ नव्हता म्हणून उत्तर राहिले. ते आज लिहिते आहे.

आधी जुनी सुईण पाहू. आपल्या भागात कुठे तिला दाई म्हणतात, कुठे सुईण. बहुतेक गावांत हे काम गावकुसाबाहेरच्या किंवा बलुतेदार घरातल्या बाईकडे असे. मध्यरात्री कंदील घेऊन कोणीतरी बोलवायला यायचा. ती उठून निघायची. कळा देणाऱ्या बाईजवळ रात्रभर बसायची, कंबर चोळायची, धीर द्यायची. बाई मोकळी झाली की नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताचे कपडे धुवायची. पुढे बारशापर्यंत रोज येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायची, शेक द्यायची.

याचे मोल काय? सुपात ज्वारी, एखादे लुगडे, चोळीचा खण, नारळ. मुलगा झाला तर सूप भरून, मुलगी झाली तर हात आखडून. कष्ट तेवढेच, रात्र तेवढीच, रक्त तेवढेच. पण भाव ठरणार माल काय निघाला त्यावर, आणि ठरवणार घेणारा. कापूस उत्पादकांना हा हिशेब समजावून सांगायला नको. आपल्या मालाचा भाव व्यापारी ठरवतो म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. आपल्याच घरात सुईणीच्या कष्टाचा भाव आपण व्यापारी होऊन ठरवत आलो.

आणखी एक गोष्ट. ज्या हातांनी बाळाला पहिला स्पर्श केला, त्या हातांना महिन्याभराने त्याच घरातल्या पाण्याच्या मडक्याला शिवता येत नसे. अडल्या वेळी देवता, वेळ टळली की परकी. हे काम "हलके" आहे ही समजूत कामातून आलेली नाही. करणाऱ्यांच्या जातीवरून आलेली आहे. त्या बापाला त्याचे घरचे जे म्हणाले, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे.

पण जुन्या सुईणीच्या आठवणीने गहिवरून जायचेही कारण नाही. तिच्या हातात कसब होते, अनुभव होता. जंतू म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. विळ्याने, खुरप्याने नाहीतर गंजक्या ब्लेडने नाळ कापली जाई, वर राख नाहीतर शेण लावले जाई. मग आठवड्याभरात बाळ दूध ओढेनासे होई, अंग ताठ होई, आणि घरातले म्हणत सटवाई लागली. तो धनुर्वात होता. आईला लस, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ धागा, कोरडी नाळ आणि दवाखान्यातली बाळंतपणे, एवढ्यावर तो हटला. माता आणि नवजात बालकांमधला धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. मूल आडवे असले, वार अडकली, बाईला झटके आले, रक्त थांबेना, अशा वेळी सुईणीजवळ नवसाशिवाय काही नव्हते. किती जणी बैलगाडीत, वाटेतल्या नाल्याच्या पुराशी गेल्या याची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नाही.

सरकारने आधी काय केले? दायांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण दिले, हातात पेटी दिली. मग २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, जननी सुरक्षा योजना आली, आणि धोरण ठरले की बाळंतपण दवाखान्यातच व्हायचे. आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १९९८-९९ मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणे ५२.६ टक्के होती. २००५-०६ मध्ये ती ६४.६ टक्के झाली, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता, केरळचा १९. हे यश आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. घरी परत चला, जुन्या सुईणीला बोलवा, असे सांगणारा हा लेख नाही.

पण या बदलात दोन गोष्टी झाल्या. एक, ज्या हजारो दायांचा धंदा गेला त्यांना कोणी काही विचारले नाही. गिरणी बंद पडली तर कामगारांच्या देण्याची निदान चर्चा तरी होते. दाईचा धंदा एका धोरणाने बंद झाला, त्याची कुठे ओळही छापून आली नाही. दुसरी, बाळंतपण दवाखान्यात गेले, पण रात्रभर उशाशी बसणारी बाई त्याच्याबरोबर गेली नाही. खाट मिळाली, सोबत गेली.

आता जी नवी सुईण आहे, ती कोण? तिला आपण नर्सबाई म्हणतो. कागदावर ती एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका. प्रसाविका हा शब्द तिच्या नावातच आहे, पण दिवसातले किती तास ती प्रसाविका असते ते पाहा. सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र हे सरकारी प्रमाण आहे, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांना. त्या उपकेंद्राच्या नर्सबाईने लसी टोचायच्या, गरोदर बायांची नोंद ठेवायची, कुटुंब नियोजनाचे उद्दिष्ट गाठायचे, तापाच्या रोग्यांचे रक्त घ्यायचे, साथीत घरोघर फिरायचे, रजिस्टर भरायचे आणि तेच पुन्हा मोबाईलवर भरायचे. यातून हात मोकळा झाला तर बाळंतपण. शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी सात कचेऱ्यांत बोलवावे आणि मग विचारावे की पीक का आले नाही, तसा हा प्रकार आहे.

आणि बाळंतपण हे घाईचे काम नाही. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालल्या तर त्यात नवल नाही. त्या सगळ्या वेळात चांगली सुईण काय करते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, नुसती बसली आहे. ती पोटावर हात ठेवून कळा मोजते. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकते. गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते ठरावीक वेळाने पाहून तक्त्यावर खूण करते. ती रेघ सरळ चढत असेल तर हात लावत नाही. वाकडी झाली तर वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात पाठवते. मोड आला का म्हणून रोज सरी उकरून पाहणारा शेतकरी बियाणे मारतो, हे आपल्याला कळते. बाळंतपणातही उकरणाऱ्या हातापेक्षा थांबणारा हात कसबी असतो.

बाळ बाहेर आले की काम संपले असे घरच्यांना वाटते. सुईणीचे खरे जोखमीचे काम तेव्हा सुरू होते. वार साधारण अर्ध्या तासाच्या आत पडली पाहिजे. गर्भाशय आवळले नाही तर रक्त नळासारखे जाते, आणि उपचार मिळाला नाही तर धडधाकट बाई दोन तासांत दगावते. यावर एक स्वस्त औषध आहे, ऑक्सिटोसिन. म्हशीला पान्हा सोडवायला जे इंजेक्शन चोरून टोचतात, तेच हे औषध. बाळ जन्मल्यावर लगेच मांडीत दिले तर आईचा जीव वाचवते. तेच बाळ जन्मण्याआधी, कळा वाढवायला म्हणून कोणी देखरेखीशिवाय टोचले, तर गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. औषध एकच, फरक जाणत्या हाताचा. आणि हे औषध थंडीत, २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. आपल्या कृषिपंपाची वीज गेली की पीक वाळते म्हणून आपण मोर्चा काढतो. उपकेंद्राच्या फ्रिजची वीज गेली तर काय वाळते, याचाही विचार करा.

आता नर्सबाईची दुसरी बाजू. उपकेंद्राच्या क्वार्टरला पाणी नाही, दाराला नीट कडी नाही. रात्री दोन वाजता दार वाजते. बाहेर चार पुरुष, त्यातले दोन प्यालेले. बाळंतपण सुखरूप झाले तर पेढे डॉक्टरला. काही वाईट झाले तर दगड तिला. शिवाय अनेक जणी कंत्राटावर. काम तेच, रात्र तीच, जोखीम तीच, पण पगार कायम बाईपेक्षा कमी आणि नोकरी वर्षावर्षाच्या कागदावर. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातले कंत्राटी आरोग्य कर्मचारी बेमुदत संपावर गेले ते काही हौस म्हणून नाही. त्याच महिन्यात आशा ताईंनीही संप केला. आशा तर कर्मचारीच नाही, "स्वयंसेविका" आहे. पुण्याचे काम म्हणून गोडवे गायचे आणि मजुरी द्यायची नाही, ही युक्ती शेतकऱ्याला नवी नाही. अन्नदाता, बळीराजा म्हणत आपल्यालाही असेच लुटले आहे. सुईणीची पूजा नको, तिच्या घामाचे दाम द्या.

सरकारी बाई एकटी, दमलेली, अनेकदा जागेवरच नाही. मग शेतकरी कुठे जातो? तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात. तिथले सगळे डॉक्टर लुटारू आहेत असे मी म्हणणार नाही. सिझरने लाखो बाया वाचल्या आहेत. ज्या बाईला सिझर लागते तिला ते तासाभरात मिळाले पाहिजे. पण आकडा काय सांगतो? २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या सरकारी दवाखान्यांत १०० पैकी १४ बाळंतपणे सिझरने झाली, खाजगीत ४७. महाराष्ट्रात सगळी मिळून २५. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे की एखाद्या लोकसंख्येत सिझरचे प्रमाण शंभरात दहाच्या वर गेले की त्यामुळे आई-बाळाचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मग सरकारीच्या तिप्पट पोटे खाजगीत का कापली जातात? बाई खाजगीत गेली की तिची हाडे अरुंद होतात काय? थांबायला माणूस लागते, आणि थांबण्याचे बिल होत नाही. कापायला तास लागतो, त्याचे बिल होते. बाजारात ज्या कामाला भाव नाही ते काम होत नाही, हा साधा अर्थशास्त्राचा नियम आहे. सुईणीच्या थांबण्याला भाव नाही, म्हणून घरातल्या कापसाचे दाम सिझरच्या बिलात जातात. घरी गेल्यावर आपण किती क्विंटलचे बिल भरले याचा हिशेब एकदा करून पाहा.

वास्तविक जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझर धरून, पूर्ण मोफत आहे. औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, जेवण, घरून नेणे आणि घरी पोचवणे, सगळे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण. औषध बाहेरून आणा असे कोणी म्हटले तर ते लिहून मागा. ही मेहरबानी नाही.

खेड्यातल्या बाईला हे शिकता येते काय, असे विचारणारे अजून आहेत. जामखेडला जा. दुष्काळी, ज्वारीचा मुलूख. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले आणि गावच्याच बाया निवडल्या, त्यातल्या कित्येक अक्षरशत्रू. त्याच बाया गरोदरपण तपासायला, सुखरूप बाळंतपण करायला, धोका ओळखायला शिकल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात बालमृत्यू ६० टक्क्यांहून जास्त घटले, आणि १९९९ मध्ये हे काम लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. खेड्यातल्या बाईत अक्कल कमी नव्हती. तिला शिकवणारा नव्हता.

उशिरा का होईना, दिल्लीलाही हे सुचले. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नर्सिंग झालेल्या अनुभवी परिचारिकांना आणखी १८ महिने शिकवून फक्त बाळंतपणासाठी तयार करायचे, त्यांच्या हाताखाली वेगळे कक्ष चालवायचे आणि साधी बाळंतपणे डॉक्टरची वाट न पाहता त्यांनीच करायची, अशी ती योजना. याची सुरुवात त्याआधीच तेलंगणात झाली होती. २०२३ मध्ये संसदेने केलेल्या परिचर्या आयोगाच्या कायद्याच्या नावातही सुईणसेवा आली. कागद चांगला आहे. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा कक्ष कधी निघणार, हा प्रश्न विचारायचे काम मात्र कागद करत नाही. ते आपण करायचे.

आता त्या बापाला उत्तर. भाऊ, पोरीला पाठव. पण डोळे उघडे ठेवून पाठव. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचे, जनरल नर्सिंग तीन वर्षांचे, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. बीएस्सीला विज्ञान लागते. जमत असेल तर जनरल नर्सिंग किंवा बीएस्सी करू दे, कारण सुईणीचे वरचे शिक्षण तिथूनच सुरू होते. फी भरण्याआधी शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का ते कागदावर पाहा. सहा महिन्यांत नर्स करून देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभा राहू नको. त्या कागदावर परिषदेत नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय ती परिचारिका नाही. आणखी एक विचार: मुलींना बाळंतपणे शिकायला कुठल्या दवाखान्यात नेता, तिथे महिन्याला किती होतात? बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल पाहतो. इथे तर पोरीच्या आयुष्याची पेरणी आहे. आणि तिला आधीच सांग की रात्री जागाव्या लागतील, रक्तात हात घालावे लागतील, एखादी आई हातातून जाईल आणि त्या दिवशी तिला कोणी धीर देणार नाही. हे ऐकूनही ती जाते म्हणाली, तर ती खरी सुईण होईल. जगात नऊ लाख सुईणी कमी होत्या असे २०२१ चा जागतिक अहवाल सांगतो. तिच्या हाताला काम कमी पडायचे नाही.

राहिलो आपण. गाय विणार म्हणून रात्रभर गोठ्यात जागणारा शेतकरी मी पाहिला आहे. बायकोच्या कळा सुरू झाल्या की तोच माणूस पारावर जाऊन बसतो. सातव्या-आठव्या महिन्यात ती पाठीला ओटी बांधून कापूस वेचते, सगळ्यांचे झाल्यावर उरलेली भाकर खाते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा बाईचे थोडे रक्त गेले तरी ती जाते, मग सुईण कितीही कसबी असो. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा-हात सुजतात, अंगावरून लाल जाते असे तिने म्हटले, तर सासऱ्याच्या परवानगीची, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका. १०२ नाहीतर १०८ फिरवा. पहिला उशीर सरकार करत नाही, तो आपल्या ओसरीवर होतो.

१९८६ मध्ये चांदवडला लाखाच्या संख्येने शेतकरी बाया जमल्या तेव्हा आपण म्हटले होते की बाईचा प्रश्न हा माणसाचा प्रश्न आहे. तेव्हापासून जमीन तिच्या नावे करण्यापर्यंत काही जण आले. आता आणखी एक पाऊल टाकू. जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडावेत अशी माझी सूचना आहे. उपकेंद्रातली रिकामी पदे कायम स्वरूपात भरा आणि समान कामाला समान पगार द्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाखेरीज दुसरे काम नसलेल्या प्रशिक्षित सुईणी नेमा. आणि उपकेंद्राला पाणी, अखंड वीज आणि रात्री सुरक्षित राहता येईल असे घर द्या. त्याबरोबर एक ठराव आपल्या स्वतःसाठी: आमच्या गावात नर्सबाईच्या अंगावर कोणी धावून जाणार नाही, आणि गेला तर गाव तिच्या बाजूने उभे राहील.

पुढच्या बैठकीला येताना एक गोष्ट करा. घरात म्हातारी आई असेल तर तिला विचारा की मी कुणाच्या हातावर जन्मलो, त्या बाईचे नाव काय, आणि आपण तिला काय दिले. ज्यांना उत्तर मिळेल त्यांनी ते बैठकीत सांगावे. मग कापसाच्या भावाचे बोलू.